पुण्याच्या कंपनीतली तीन वर्षं

"...आणि बी. ए. झाल्यावर तीन वर्षं कुठं होतात?"

खुशालगीर महाराजांनी विचारलं. मठाच्या ओसरीवर, चुलीजवळच्या पाटावर ते साहेबासारखे ऐसपैस बसले होते. समोर उत्रेश्वर उभा. हातात फाईल, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मान अशी ताठ की माशी बसली तरी घसरावी.

उद्या तालुक्याला मुलाखत होती. एका वसतिगृहाच्या भोजनगृहाला व्यवस्थापक हवा होता. पुढच्या महिन्यात उत्रेश्वराचं वय अटीच्या बाहेर जाणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. गड्यानं दोनशे उत्तरं घोकली होती. तालीम घ्यायला मात्र सापडले महाराज. चौथी नापास माणूस! पण तालमीतला साहेब झाल्याबरोबर नाक असं वर गेलं, की खऱ्या साहेबानं शिकवणी लावावी.

"पुण्याच्या कंपनीत होतो, सर."

महाराजांचा दाढीतला हात थांबला.

ती तीन वर्षं उत्रेश्वरानं याच मठात काढली होती. पण 'मठात भाकऱ्या थापत होतो' असं चार साहेबांपुढं सांगायचं म्हणजे... त्यापेक्षा पुणं बरं. तिथं कोण चौकशीला जातंय!

"मठाबिठात कधी राहिलात?"

"नाही, सर."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

महाराज पोट धरून हसले. मग उठले, घोंगडी झटकली आणि तिथंच अंथरली.

"या पाहुणे. पुण्याहून दमून आला असाल. टेका."

"महाराज, तालीम राहिली की..."

"टेका हो! लाजताय काय?"

उत्रेश्वर बसला. म्हाताऱ्याला लहर आली की सांगून उपयोग नसतो, एवढं तो शिकलेला होता.

तेवढ्यात चुलीवरचा भात उतू आला. उत्रेश्वर सवयीनं उठला. महाराजांनी काठी आडवी धरली.

"पाहुण्यानं पहिल्या दिवशी मठाच्या कामाला हात लावायचा नाही. रिवाज आहे आमचा. तुम्हाला कसा ठाऊक असणार म्हणा!"

पेज चुलीत सांडली. विस्तव फुसफुसला. उत्रेश्वराचे हात नुसते शिवशिवत होते.

"आमचा उत्रेश्वर असता, तर एव्हाना भांडं खाली असतं," महाराजांनी सुस्कारा सोडला.

"...कोण?"

"होता एक गडी. तोरा फार, पण हात सोन्याचे. यात्रेच्या भंडाऱ्याला दोन भावक्या अडून बसल्या. पहिल्या पानावर आम्हीच बसणार म्हणे! डोकी फुटायची वेळ आली. यानं काय करावं? पंगतच गोल मांडली. म्हणाला, शोधा आता पहिलं पान! मुकाट जेवले बेटे. वर ताक मागून प्याले."

महाराज पुढं सांगतच राहिले.

"दात पडलेल्या म्हाताऱ्यांची भाकरी आमटीत आधीच कुस्करून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मी कोपऱ्यातून बघायचो. बोललो नाही कधी. चढून बसला असता हरभऱ्याच्या झाडावर!"

...

तीन वर्षांत म्हाताऱ्यानं एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. मीठ जास्त, भाकरी जाड, वरणात पाणी, हेच रोजचं. आणि आत मात्र हे सगळं असं राखून ठेवलेलं...

उत्रेश्वरानं फाईल घोंगडीवर ठेवली.

"महाराज... तो मीच."

"असाल. मला कशाला सांगता? मला ठाऊक आहे."

काठी बाजूला झाली. उत्रेश्वर धावला, भांडं उतरवलं, विस्तव मागं ओढला. शर्टाच्या बाहीला काजळी लागली, ती त्याच्या ध्यानातही आली नाही. तसाच येऊन तो महाराजांच्या पायाशी बसला.

"उद्या सगळं खरं सांगतो. गोल पंगत, कुस्करलेली भाकरी, सगळं. नोकरी देवोत नाही तर न देवोत."

"हं."

"आणि हे शिकवलं कुणी, असं विचारलं, तर तुमचं नाव सांगणार. छाती काढून सांगणार."

महाराजांनी चटकन पाय आखडून घेतले.

"माझं नको."

"मग कुणाचं सांगू?"

महाराजांनी उतरवलेल्या भाताकडे काठी केली.

"पंगतीला उपाशी येत होते ना, त्यांचं सांग."