फळ्यावरचा पासवर्ड

"पण बुवा, कुलूप नाही लावलं तर लोक वाट लावतील!"

यशोधन हे तिसऱ्यांदा म्हणाला. दगडूबुवा उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग त्याच्यापुढे केली. त्याने घेतली नाही.

दगडूबुवांनी तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले आणि मग डोंगराखालच्या मठात येऊन राहिले. लोकांनी टाकून दिलेले पाच कॉम्प्युटर त्यांनी मठाच्या ओवरीत मांडले, त्यांत लिनक्स ही कुणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी अशी प्रणाली घातली आणि गावाला सांगितलं, या, शिका. यशोधन त्यांच्या हाताखाली शिकायला पुण्याहून आला होता. त्याच्याकडे पदवी होती, हुशारी होती, आणि दोन्हींची त्याला पुरेपूर जाणीव होती.

बुवांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "ही खोली लोकांना आपली वाटेल अशी सजव. जमलं, तर वरच्या वाडीवरचा नवा वर्ग तुझा."

तो वर्ग यशोधनला हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

दोन महिने तो कॉम्प्युटरचे पडदे सजवत बसला. गडद निळा रंग. खाली काचेसारखी पट्टी. बारीक, राखाडी, नाजूक अक्षरं. सगळे आयकॉन गोल आणि एका मापाचे. पाचही पडदे हुबेहूब सारखे, बँडवाल्यांच्या गणवेशासारखे. शेवटी कुणी काही हलवू नये म्हणून त्याने सगळ्या सेटिंगना पासवर्ड घातला.

दिसायला फार देखणं होतं हो. उगाच नावं कशाला ठेवा.

"सगळं तूच केलंस?" बुवांनी विचारलं.

"नाही... मूळ थीम ब्राझीलच्या एका माणसाची. त्याने नेटवर ठेवली होती. मी रंग बदलले, आयकॉन बदलले, वरची पट्टी खाली आणली. त्यालासुद्धा आता ओळखू येणार नाही!"

"त्यानं कुलूप नव्हतं लावलं?"

"नाही," यशोधन खाली बघत म्हणाला.

"भला माणूस," बुवा म्हणाले. त्यांनी कोनाड्यातला खडू काढून त्याच्या हातात दिला आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "लिही."

"काय?"

"पासवर्ड."

"फळ्यावर? बुवा, पासवर्ड कुणी फळ्यावर लिहितं का!"

"मोठ्या अक्षरात. साळूआक्कांना बारीक दिसत नाही."

गावात कुणाची शेळी आजारी पडली, की लोक औषधासाठी साळूआक्कांकडे धावत. आपल्यामागे ती औषधं हरवू नयेत म्हणून त्यांना ती टाइप करून ठेवायची होती. तीन महिने त्या नेमाने येत होत्या, पण माऊसला हात लावायचा तर यशोधन शेजारी हवा. "मोडंल की रं!" म्हणायच्या. "भिऊ नका आक्का, मोडत नाही," असं त्याने त्यांना शंभरदा तरी सांगितलं असेल. तीन महिन्यांत दीड ओळ झाली होती.

यशोधनने पासवर्ड लिहिला. लिहिताना खडू दोनदा मोडला, इतका तो चिडला होता.

"आता चल," बुवा म्हणाले, "वाडीवर वर्गाची जागा बघून येऊ."

जायला-यायला दोन दिवस लागले. चढावर बुवा गाणी म्हणत होते. यशोधन मागून दगडांना लाथा मारत चालला होता.

परत आले, तेव्हा ओवरीतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. यशोधन धावतच आत गेला.

पहिल्या पडद्यावरची पट्टी पुन्हा वर जाऊन बसली होती. दुसऱ्यावर गावच्या कबड्डी संघाचा फोटो, आणि आयकॉन मैदानभर सांडलेले. तिसरा मठाच्या आचाऱ्याने केशरी केला होता आणि कचऱ्याच्या डब्याच्या जागी पातेल्याचं चित्र लावलं होतं. चौथा... चौथा हळदीसारखा पिवळा. अक्षरं बोराएवढी, माऊसचा बाण लालभडक, आणि पडदाभर एक शेळी. मठ आपल्याच नावावर आहे अशा थाटात ती समोर बघत होती.

"दोन महिने!" यशोधनचा आवाज चिरकला. "माझे दोन महिने गेले, बुवा..."

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

शेळीसमोर साळूआक्का बसल्या होत्या. शेजारी, आज पहिल्यांदाच आलेली हौसाबाई दोन्ही हात पदरात लपवून बसली होती.

"दाब की," आक्का तिला म्हणत होत्या. "हितं दाब. भिऊ नगंस, मोडत न्हाई."

यशोधन होता तिथेच थांबला.

शेळीच्या चित्रावर एक पान उघडं होतं. पोटफुगी, खरूज, दूध आटणं... पान भरून दुसरं सुरू झालं होतं.

आक्कांनी वळून पाहिलं. "आलास व्हय रं बाळा? बस. तुजं निळं तसंच ठिवलंय बग त्या कोपऱ्यात. कुनाला हात लावू दिला न्हाई. तुला लागंल म्हनलं."

पाचवा पडदा खरंच निळा होता. यशोधन त्याच्यासमोर बसला आणि वाचायला लागला. अक्षरं लागेनात म्हणून पुढे झुकला, आणखी पुढे झुकला, आणि नाक पडद्याला टेकायची वेळ आली. दोन महिने आपण असेच बसत होतो, हे त्याला आज कळलं.

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पदवी हातात पडली, तेव्हासुद्धा त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

"आक्का," तो म्हणाला, "अक्षरं मोठी कशी केलीत?"

त्याला येत नव्हतं असं थोडंच आहे! पण त्याने विचारलं.

"सरक, दावते," आक्का म्हणाल्या आणि खुर्ची ओढत त्याच्याजवळ आल्या. हौसाबाईही मागे येऊन उभी राहिली. तिचे हात पदराबाहेर आले होते.

बऱ्याच वेळाने यशोधन उंबऱ्याशी आला. बुवा पुन्हा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग पुढे केली. या वेळी त्याने घेतली.

"बुवा, खोली काही मला सजवता आली नाही. मग तो वाडीचा वर्ग..."



बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"वाडीवर फळा आहे," ते म्हणाले. "खडू तेवढा घेऊन जा."