कमळतळ्याचा बांध

अरिंजय राजा कुंभवती नगरीवर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्याच्या घरी जन्मले आणि वडिलांमागे वैद्यकीच करू लागले.

नगराच्या सखल भागात बुरुडांची वस्ती होती. दर पावसाळ्यानंतर तिथे तापाची साथ येई. बोधिसत्त्व गुळवेलीचा काढा देत. माणसे उठून बसत, टोपल्या विणू लागत आणि पुन्हा अंथरूण धरत. अशी कित्येक वर्षे गेली. बोधिसत्त्वांचे केस पिकले, पाठ वाकली, पण दारातली रांग हटेना.

एके दिवशी उसिरा नावाची बुरुडीण तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन आली. थोरला मुलगा तिने आदल्याच वर्षी गमावला होता.

"वैद्यबाबा," ती म्हणाली, "तुमच्या ओसरीवर पोर बरी होते. घरी नेली की पुन्हा पडते. मग न्यावी तरी कुठे?"

बोधिसत्त्व तिच्याबरोबर वस्तीत गेले. चटई उचलली तर खाली जमीन ओली. घरामागे हिरवे पाणी साचलेले. राणीच्या कमळतळ्यासाठी राजाने बांध घातला होता, त्याने वस्तीचा नाला अडला होता.

त्याच सुमारास राजाने त्यांना राजवैद्य व्हायला बोलावले. टेकडीवर घर, राजघराण्यापुरतेच काम. थकलेल्या बोधिसत्त्वांना त्या घराची ओढ वाटली. तरी ते म्हणाले, "महाराज, आधी तो बांध फोडा."

"ती माणसेच गलिच्छ, म्हणून आजारी पडतात," राजा म्हणाला. "हवे तर औषधे वाढवून देतो."

"त्यांच्यातले जे टेकडीवर राहायला गेले, त्यांना ताप नाही. बांधावरचे आपले पहारेकरी चांगल्या कुळांतले, पण ते खाली राहतात, त्यांना आहे. माणूस बरा करून त्याच चिखलात परत धाडायचा, याला मी औषध म्हणत नाही."

राजा रागावला. राजवैद्याचे पद दुसऱ्याला मिळाले. बोधिसत्त्व घरी येऊन पुन्हा काढा उकळू लागले. मात्र दर पौर्णिमेला ते दरबारात जात आणि तेवढेच मागत. "आले बांधवाले वैद्य!" म्हणत दरबारी हसत. परतताना त्यांना वाटेत बसावे लागे.

एका पौर्णिमेला त्यांना दरबाराची चढण चढवेना. तेव्हा उसिराने लेकीला कडेवर घेतले. "बाबा, माझा हात धरा. आज मीही येते."

दरबारात ती म्हणाली, "महाराज, माझा मुलगा गेला. ही राहिली आहे. कमळे पाहायला येता, तसे एकदा आमच्या घरी या. चटईवर बसा."

राजाशेजारी बसलेली राणी त्या पोरीच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला ते तळे नको."

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः वस्तीत गेला. ओल्या चटईवर बसला आणि उठला तो बांध फोडण्याची आज्ञा देतच.

पुढच्या पावसाळ्यानंतर दारात रांग लागली नाही. बोधिसत्त्वांनी चूल विझवली आणि ते भर दुपारी ओसरीवर आडवे झाले. संध्याकाळपर्यंत औषधासाठी त्यांना कोणी उठवले नाही.

रुग्णसेवेने थकलेल्या भिक्षूंना ही पूर्वजन्माची कथा सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "उसिरा म्हणजे आज विहारात आजाऱ्यांना पेज आणणारी उपासिका. राणी म्हणजे त्या पलीकडच्या भिक्षुणी. राजा म्हणजे विहाराचे पाणवठे राखणारे हे वृद्ध भिक्षू. आणि तो वैद्य मी होतो. थकलेल्या पायांनी पुन्हा तीच चढण चढणे, भिक्षूंनो, हीच वीर्यपारमिता, अखंड प्रयत्नाची परिपूर्णता."