विश्वंभरराव वाहिनी

खडकवंजीच्या सरपंच यमुनाताई भोसकर पाणीपुरवठा समितीच्या सभापतींकडे दुरुस्तीच्या मंजुरीसाठी पुन्हा एकदा आल्या होत्या. गावाची मुख्य जलवाहिनी जुनाट झाली होती. गळतीतून चिखल आत शिरायचा आणि वरच्या आळीतली पोरं आजारी पडायची.

"दुरुस्तीला सरकार निधी देतं, हे खरं," सभापती विश्वंभरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पण त्यापेक्षा नवी टाकी मागा ना! तिच्यावर माझं नाव तरी झळकेल. जमिनीतल्या पाइपावर ते कोण वाचणार?"

"नावाचंच अडलंय होय?" असं म्हणून ताई गावी परतल्या.

निधी हवा असेल, तर योजनेतल्या प्रत्येक वस्तूला नाव द्यायचं आणि तिची अवस्था दर महिन्याला चौकातल्या फलकावर लिहायची, असा सरकारी नियम होता. ताईंनी तो तंतोतंत पाळला. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशी फलकासमोर थांबून हसू लागली: 'विश्वंभरराव वाहिनी. आतून गंजलेली, बाहेरून गळकी, लोकांना उपयोग शून्य.'

संध्याकाळी सभापतींची गाडी धुरळा उडवत आली. "माझं नाव मातीत घातलंत!"

"साहेब, पाइप मातीतच असतो," ताई शांतपणे म्हणाल्या. "नाव लावणं आमच्या हातात होतं, ते लावलं. राखणं तुमच्या हातात आहे."

सभापतींची मंजुरी आली आणि महिन्याच्या आत नवे पाइप बसले. ताईंनी फलकावर 'सुस्थितीत' असं लिहिलं, तेव्हा विश्वंभररावांनी शेजारी उभं राहून हौसेनं फोटो काढून घेतला.

"पुढल्या महिन्यात पुन्हा लिहायचंय हं," हाताला लागलेला खडू पुसत ताई म्हणाल्या. "लक्ष असू द्या."