झोपलेलं तळं

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बेडूक बोलत, आणि नवल म्हणजे माणसं ऐकूनही घेत!

एका गावात गोमाजीशेट किराणा विकत. गावाच्या भातखाचरांमधोमध एक तळं होतं. दर वैशाखात ते ठणठणीत कोरडं पडे. जाणती माणसं म्हणत, "तळं झोपलंय, उठवू नका." गुरंसुद्धा मुकाट नदीवर नेत.

शेटना हे खुपे. "दोन-दोन महिने कुलूप लावून कुठलं दुकान चालतं हो?" असं म्हणत त्यांनी पाट खणून नदीचं पाणी तळ्यात आणलं, बांध उंचावला आणि मासे सोडले. भर वैशाखात तळं डबडबलं! गावानं शेटना खांद्यावर घेतलं. वार्ता राजापर्यंत गेली. राजानं निरोप धाडला, "मासे मोठे झाले की येऊ. तुला मानाचं पागोटं बांधू."

पण त्या पावसाळ्यात शिवारातलं डरावडराव विरळ झालं. भातावर तुडतुडे उतरले. पुढच्या साली तर खाचरंच्या खाचरं करपली. शेट म्हणाले, "साल वाईट, दुसरं काय!"

तिसऱ्या आषाढात राजाची स्वारी यायचा दिवस उजाडला. शेट लवंगा जोखत होते, तोच एक म्हातारी बेडकी टुणकन तागडीत येऊन बसली.

"उतर खाली! ओला केलास माल!"

"आधी मला जोख, शेटा. पोटात अंडी आहेत. दोन वर्षं घातली, ती तुझ्या माशांनी गिळली. या शिवारात आता आम्ही मोजक्याच उरलोय."

"मग नदीत जा की!"

"तिथंही मासेच. हे एकच तळं वैशाखात आटायचं. त्यात मासा तगत नसे, म्हणून पावसाळ्यात आमची पिल्लं निर्धास्त वाढायची, आणि वाढली की तुमच्या भातावरचे किडे खायची. तुला ते बंद दुकान दिसलं होय? अरे, ती बाळंतिणीची खोली होती. तू तिच्यात मांजरं सोडलीस!"

शेटच्या हातातल्या लवंगा सांडल्या. करपलेली खाचरं डोळ्यांपुढं उभी राहिली. तेवढ्यात दूरवर नगारा वाजला. स्वारी येत होती!

शेटनी कुदळ उचलली.

"अहो, पागोटं!" शेटाणी ओरडल्या.

"भात नसेल तर पागोटं शिजवणार आहेस का?" म्हणत शेट धावत सुटले. "चला रे, टोपल्या आणा! मासे धरा!"

पाटाचं तोंड बुजवलं. बांधावर घाव पडला, दुसरा पडला, आणि पाणी धो धो सुटलं! कुणी टोपली लावली, कुणी धोतर. धरलेला मासा हातातून निसटे, माणूस चिखलात आपटे, आणि सगळं गाव खदखदून हसे. शेवटचा मासा टोपलीत पडला आणि सरींवर सरी आल्या. तळात घोटाभर नवं पाणी साचलं. बेडकीनं त्यात सूर मारला.

राजा येऊन पाहतो तर काय, कानापर्यंत चिखलानं माखलेले शेट!

"गोमाजी, तळं कुठाय?"

"हेच, महाराज! मासे टोपलीत आहेत. जेवूनच जा."

राजा जेवला पोटभर. पागोटं मात्र परत घोड्यावर चढलं.

त्या सालचं भात जेमतेमच पिकलं. पुढच्या पावसाळ्यात डरावडराव दुणावलं, आणि त्याच्या पुढच्या साली लोंब्या अशा लवल्या की कणग्या अपुऱ्या पडल्या. शेट दर वैशाखात बोडक्या डोक्यानं तळ्याच्या काठी बसत. कुणी परगावचा म्हणे, "शेट, तळं वाया गेलंय की हो!"

शेट ओठांवर बोट ठेवत. "हळू बोला. झोपलंय ते."

रिकामं दिसतं ते सारंच निकामी नसतं.