हजारातला एक

“हजारातून सगळ्यात चांगला फोटो मी निवडून दिला, मास्तर. मग काकूंना सगळं शूटिंग कशाला दाखवायचं?”

मृणालनं विचारलं ते दबक्या आवाजात, पण आवाजात रुसवा होता.

कऱ्हाडच्या आतार मास्तरांच्या स्टुडिओत ती दोन वर्षं शिकत होती. व्हिडिओच्या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं.

समोर बाकावर कमळाकाकू लोहार बसल्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांचे मालक गेले. घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मृणालनं केलेल्या शूटिंगमध्ये मात्र ते होते. पंगतीत वाढताना, चाळीस सेकंद.

सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे चाळीस सेकंदांचे हजार फोटो. मृणालनं एकेक तपासला. एका ठिकाणी ते कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभे होते. नाकीडोळी स्वच्छ. मिशीचा केस न् केस मोजावा असा.

काकूंनी तो फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

“हेच की ते...” त्या म्हणाल्या, आणि फोटो पिशवीत ठेवू लागल्या.

“थांबा, वहिनी,” मास्तर म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढून काकूंना कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यांचं बोट धरून कीबोर्डवरच्या लांब कळीवर टेकवलं.

“ही दाबली की चित्र थांबतं. हवं तिथं दाबा.”

“मला कुठलं जमतंय!”

“जमेल.”

मास्तरांनी पंगतीचं शूटिंग लावलं. चाळीस सेकंद सरले. काकूंनी कळ दाबली नाही.

मास्तरांनी पुन्हा लावलं.

पुन्हा नाही. मृणालनं घड्याळ बघितलं.

...

तिसऱ्यांदा बोट खाली गेलं.

“हे!”

पडद्यावर मालक आमटीची बादली घेऊन पुढं निघालेले, आणि निघता निघता मागं वळलेले.

“कुणाकडं बघतायत?” मास्तरांनी विचारलं.

“माझ्याकडं.” काकू लाजल्या. “मी जेवायला बसले का नाही, ते. कुठंही गेलो तरी असंच. मी म्हणायची, लोक हसतील...”

आणि त्या स्वतःच हसल्या. डोळे पुसले, परत हसल्या.

मृणाल खुर्चीमागून बघत होती. ताठ उभा राहिलेला माणूस तिनं शोधला होता. हा तिच्या नजरेसमोरून कितीदा तरी गेला होता...

ती पुढं झाली, तो फोटो वेगळा काढला आणि मोठा करून पाहिला. मग तिचा चेहरा पडला.

“मास्तर, हा हललाय. तोंडच नीट दिसत नाही.”

मास्तर प्रिंटरमध्ये चांगला कागद घालत होते.

“हलणारच, पोरी,” ते म्हणाले. “जिवंत होते ते.”