फाटकातली गाडी

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिनकर सासन्यांनी एकच मागणी टाकली होती: सामन्यादिवशी मैदानाचं फाटक मोकळं ठेवा. महिन्यापूर्वी त्यांचा गोलकीपर मुलगा अवधूत छातीला मार लागून कोसळला, तेव्हा प्रमुख पाहुणे असलेल्या आमदार भैयासाहेबांची गाडी फाटकात आडवी उभी होती. ॲम्ब्युलन्स बाहेरच खोळंबली आणि पोरगा गेला.

ग्रुपवर जुंपली. "काका, साहेबांना मधी ओढू नका," एका पोरानं लिहिलं.

"का? गाडी काय तुझी होती?" दुसऱ्यानं त्याला हाणलं.

मग खुद्द भैयासाहेब अवतरले. "खेळात राजकारण आणू नका. मोठ्यांशी बोलायची रीत असते. माफी मागा, नाहीतर ग्रुप सोडा."

दिनकररावांनी लिहिलं, "राजकारण राहू द्या साहेब, खेळाचंच बोलतो. माझा अवधूत नऊ वर्षं गोल राखत होता. त्याच्याकडूनही कधीमधी चेंडू आत जायचा. तुमच्या गाडीनं ॲम्ब्युलन्ससुद्धा आत सोडली नाही."

भैयासाहेबांनी आपला मजकूर पुसून टाकला.

पुढच्या रविवारी फाटक मोकळं होतं. ॲम्ब्युलन्स सरळ आत येऊन उभी राहिली. दिनकररावांनी तिच्या पत्र्यावर हात ठेवला.

"लई उशीर केलास गं बाई," म्हणाले, आणि सामना न बघताच घरी वळले.