वाढू का, बुवा?

“म्हणजे, माझ्यासाठी कोणी थांबलंच नाही?”

डॉ. विश्वनाथ हिवाळे यांनी हे विचारलं तेव्हा मठाच्या अंगणात लोक हात धूत होते. पत्रावळ्या उचलून झाल्या होत्या आणि गाईंनी त्यांत तोंडही घातलं होतं.

लिंबाजीबुवा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. वय झालं होतं, पण अडकित्ता धरलेला हात अजून कापत नव्हता.

“भात झाला,” बुवा म्हणाले. “लोकांना भूक लागली होती. वाढला.”

डॉक्टर हसले. ते हसू ओठांवरच राहिलं.

दुधना नदीच्या काठचा हा लहानसा मठ. विश्वनाथ याच मठात राहून शिकला. आई-बाप ऊसतोडीला निघाले की पोराला बुवांच्या हवाली करून जायचे. पुढे तो डॉक्टर झाला, आणि त्याहूनही मोठा झाला. जेवणातून माणसं आजारी का पडतात याचा त्याने देशभर फिरून अभ्यास केला. तो अभ्यास सरकारने नुकताच स्वीकारला होता. दिल्लीचा सत्कार आटोपून डॉक्टर थेट मठाच्या भंडाऱ्याला आले होते. गळ्यातला हार त्यांनी गाडीतच काढून ठेवला होता, पण काचेतून दिसेल असा.

थोडा उशीर होईल, असा निरोप त्यांनी धाडला होता. तो मिळाला नाही का, असं त्यांनी विचारलं. मिळाला होता, असं बुवांनी सांगितलं.

“पूर्वी थांबायचात, बुवा.”

“थांबायचो...”

सुपारीचं एक खांड तोंडात टाकून बुवा अंगणाकडे बघत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून यमुना आली. यमुना ही रखमाजी आचाऱ्याची लेक. मठाच्या चुलीपुढे ती आज पहिल्यांदाच उभी राहिली होती. सकाळी गावातल्या काहींनी नाकं मुरडली होती, रखमाजीच्या लेकीच्या हातचं जेवायचं कसं म्हणून. मग बुवाच उठून पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसले, तेव्हा कुठे लोक बसले. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

पाहुण्याकडे बघत यमुनाने विचारलं, “वाढू का, बुवा?”

अडकित्ता थांबला.

बुवांनी डोळे मिटले, उघडले. भात आता निवून गेला असेल, तो गाईंना घाल आणि याच्यासाठी ताजी भाकर टाक, असं त्यांनी तिला सांगितलं. भात चालेल की, मी काय परका आहे, असं डॉक्टर म्हणाले. यमुनाने ऐकलं बुवांचं. ती पीठ मळायला आत गेली.

भाकरी होईपर्यंत बुवांनी अभ्यासाची चौकशी केली. डॉक्टर खुलले.

त्यांनी किनाऱ्यावरची मासळी सांगितली, लग्नातलं पनीर सांगितलं, शाळेतली खिचडी, वसतिगृहातली आमटी, देवळातला प्रसाद, सगळं सांगितलं. प्रत्येक मुलखात जेवण वेगळं, भाषा वेगळी. पण माणसं ओकायला लागली की गोष्ट मात्र सगळीकडे एकच ऐकू यायची, ती म्हणजे भांड्यात पाल पडली. लोक शपथेवर सांगायचे. पाल पाहिलेला माणूस मात्र नेहमी दुसऱ्याच गावाला गेलेला असायचा. इतक्या पाली खरोखर पडल्या असत्या तर देशातल्या भिंती कधीच मोकळ्या झाल्या असत्या.

यावर बुवाही हसले.

“मग पाल नाही, तर काय?”

डॉक्टर सरसावून बसले. जंतू सगळीकडेच असतात, त्यांनी सांगितलं. हातावर असतात, धान्यात असतात, दुधात असतात. थोडे असले तर पोट सोसून घेतं. पण मोठ्या कार्याचा स्वयंपाक सकाळीच उरकतात आणि झाकण घालून ठेवून देतात. ते भांडं दुपारपर्यंत तसंच राहतं, ना धड गरम, ना धड गार. जंतूंना तेवढंच हवं असतं. वास येत नाही, चवही बदलत नाही. जेवताना कोणाला काही कळत नाही, कळतं ते रात्री.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली होती. सगळ्यात जास्त हाल शेवटच्या पंगतीचे होतात. शेवटच्या पंगतीला बसतात त्या वाढणाऱ्या बाया. याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. या माणसाने देशासाठी खरंच काम केलं होतं.

“पण अन्न ठेवतात कशाला?” बुवांनी विचारलं. “शिजलं की वाढावं.”

“कोणीतरी यायचं असतं ना, बुवा. वऱ्हाड वेशीवर नाचत असतं. साहेबांची गाडी मागच्याच गावात असते. पाहुण्याच्या हातून आरती व्हायची असते. तो आल्याशिवाय पान कसं वाढायचं? सगळ्या देशात हेच चालतं. अन्न बिघडत नाही, बुवा... अन्नाला थांबवलं जातं.”

हे वाक्य त्यांचं ठेवणीतलं होतं. दिल्लीत त्याला टाळ्या पडल्या होत्या. इथे टाळी कोणी वाजवली नाही.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“रखमाजी गेला,” बुवा म्हणाले. “यंदाच्या थंडीत.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला कळवलं असतं तर आलो असतो, असं काहीतरी ते पुटपुटले. लहानपणी भंडाऱ्याच्या दिवशी खिरीच्या भांड्याच्या बुडाची खरवड रखमाजी त्यांच्यासाठी राखून ठेवायचा. ते त्यांना आठवलं असावं.

मठात आता खीर होत नाही. त्या एका वर्षानंतर झालीच नाही.

त्या वर्षी विश्वनाथ नवा नवा डॉक्टर होऊन तालुक्याला रुजू झाला होता. भंडाऱ्याला रखमाजीने दुधाची खीर केली होती. रात्री निम्मं गाव अंथरुणाला खिळलं. बाकीचे हळूहळू उठले, रखमाजीची बायको शेवंता उठली नाही. दिवसभर तिने वाढलं होतं आणि सगळ्यांच्या मागून जेवली होती.

गाव म्हणालं, पाल पडली.

विश्वनाथने चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, पाल नाही. आचाऱ्याचं बोट बघा. बोटाला चिंधी बांधलेली आहे. त्या जखमेतलं विष खिरीत उतरलं.

गावाने माना डोलावल्या. पोरगा शिकून आला ते काही उगाच नाही, असं म्हणाले. त्यानंतर रखमाजीला कोणी स्वयंपाकाला बोलावलं नाही. तो मठातच राहिला, लाकडं फोडली, गाईंचं शेण काढलं, पण डावाला पुन्हा हात लावला नाही. यमुना तेव्हा परकरी पोर होती. आचाऱ्याची लेक असं तिला पुढे गावात कोणी म्हटलं नाही, विष घालणाऱ्याची लेक म्हणून हिणवायचे.

“मी खोटं बोललो नव्हतो, बुवा,” डॉक्टर म्हणाले. “बोटाला जखम होती.”

“होती. पिकलेली होती.”

“मग?”

“खीर सकाळीच झाली होती, विश्वनाथ. तेव्हाच वाढली असती तर?”

हा प्रश्न डॉक्टरांनी देशभर गावोगाव विचारला होता. उत्तर त्यांना पाठ होतं.

“तर...”

बुवा वाट बघत राहिले.

“तर बहुतेक काही झालं नसतं.”

“रखमाजी सारखा येऊन विचारायचा,” बुवा म्हणाले. “वाढू का, बुवा? मी म्हणायचो, थांब. जरा वेळानं पुन्हा यायचा. ऊन चढलंय, लेकरं रडायलीत, वाढू का, बुवा? थांब रे, म्हणायचो. आपला विश्वनाथ यायलाय. डॉक्टर झालाय. आरती त्याच्या हातून होऊ दे...”

डॉक्टरांना तो दिवस आठवला. तालुक्याला सत्कार होता, बँड होता, फोटो होते. मठात पंगत खोळंबली आहे, हे कोणीतरी कानात सांगितलं होतं. लोक आपल्यासाठी थांबलेत हे ऐकून बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. दिवस कलल्यावर ते पोचले, आरती केली, खोबरं-साखर तोंडात टाकली आणि पुढच्या सत्काराला निघून गेले. खीर त्यांनी चाखलीही नव्हती.

सगळ्या देशाला विचारलेला प्रश्न त्यांनी या एका गावाला विचारला नव्हता.

“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” त्यांचा आवाज चढला होता, पण त्यात राग नव्हता.

“तुझं नाव नवं होतं. मला तुझं कौतुक होतं... मी गप्प बसलो.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“तू चुकलास ते न कळता. मी गप्प बसलो ते कळून. रखमाजीला पुढं पुढं वाटायला लागलं होतं की शेवंताला त्यानंच मारलं. सांजच्याला त्या तिथं बसायचा आणि स्वतःचा हात बघत राहायचा. मी इथून बघायचो. उठून त्याच्यापाशी गेलो असतो तर चार पावलं होती. नाही गेलो.”

बुवांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत.

यमुना ताट घेऊन आली. भाकरी होती, पिठलं होतं, बाजूला कांदा होता. भाकरीतून वाफ निघत होती.

“गरम हाय तवर खा, दादा.”

लहानपणी ती त्यांच्या कडेवर बसून नदीवर जायची. तेव्हापासूनचं हे ‘दादा’.

डॉक्टरांचा हात ताटाकडे जाईना. वाफ विरळ होत चालली.

“खा,” बुवा म्हणाले.

ते खाली मान घालून जेवले. पानात काही टाकलं नाही. हात धुतल्यावर त्यांनी यमुनाला थांबवलं, आणि देशभर सफाईने भाषणं देणाऱ्या या माणसाला चार शब्द जुळवायला वेळ लागला.

“यमुना... त्या वर्षी खीर माझ्यासाठी थांबवली होती. दोष तुझ्या बापाचा नव्हता.”

यमुना ताट उचलता उचलता थांबली. तिने पदराने हात पुसले, ते कोरडे होते तरी पुसले.

“हे मला सांगून काय उपेग, दादा?” ती म्हणाली. “मी कुठं म्हणलं होतं बापाचा दोष हाय म्हणून? तवा तुम्ही चावडीवर सांगितलं होतं.”

ती ताट घेऊन आत गेली.

डॉक्टर उठले. अंगण रिकामं होत आलं होतं. कीर्तनासाठी लावलेला माइक अजून जागेवर होता. लोक वाटेला लागले होते, बाया पोरांना कडेवर घेऊन, म्हातारे काठी टेकत. कोणी नदीच्या अंगाला चाललं होतं, कोणी गावाकडे.

डॉक्टर लगबगीने माइकजवळ गेले. त्यांचे डोळे लाल झाले होते. आता उशीर करायचा नव्हता.

“बुवा, लोकांना जरा थांबायला सांगा. मी सगळ्यांसमोर सांगतो. आत्ताच सांगतो.”

लिंबाजीबुवा ओट्यावरून हळूहळू उतरले. वाटेवरच्या माणसांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग ते पायरीपाशी वाकले, डॉक्टरांचे बूट दोन्ही हातांनी उचलले आणि चालत जाऊन त्यांच्या पायांसमोर ठेवले.

डॉक्टर दचकून मागे सरले. गुरूने शिष्याचे जोडे उचललेले त्या मठाने कधी पाहिले नव्हते.

“पुन्हा कोणाला थांबवू नको, विश्वनाथ...” बुवा म्हणाले. “तूच त्यांच्या मागं चालू लाग.”